पालीला शेक

मळमड्डीत आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या अक्कांना पालीची भयंकर किळस आहे. तरी त्या रोज संध्याकाळी वर येतात, माझ्या ठिपकेदार पाळीव पालीच्या काचेच्या पेटीपासून चार हात लांब उभ्या राहतात आणि नाकाला पदर लावून विचारतात, "जेवली काय गं आज?" मी काही बोलेपर्यंत त्यांचे पुढचे दोन प्रश्न झालेले असतात. मला ते सोयीचं पडतं.

परवा थंडीत सकाळपासून वीज नव्हती. पेटीखालची विजेची गादी गार पडली होती. ऊब नसली की पालीला अन्न पचत नाही, आणि थंडीमुळे तिने आधीच तीन दिवस एकही किडा खाल्ला नव्हता. ती मरेल असं मला वाटू लागलं होतं, पण कुणाला विचारणार?

"अय्यो पाप, बिचारी गारठली की ही!" अक्का आल्या तशा खाली गेल्या आणि स्वतःचे गुडघे शेकायची गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून घेऊन आल्या. "तू सरकव पेटीखाली. मी हात लावणार नाही हं."

तासाभराने पाल हलली. मी चिमट्याने रातकिडा पुढे धरला आणि तिने तो कुरुमकुरुम चावत खाल्ला.

अक्कांनी डोळे घट्ट मिटले. "शी! मेली खाती कशी बघ!" मग तसेच डोळे मिटून म्हणाल्या, "अजून एक दे तिला."