अव्वल ब्रेक

सावळीराम मिस्त्रीने पंचवटीत तीस वर्षं सायकली दुरुस्त केल्या, पण त्याच्या हाताचं कौतुक छापून आलं ते कंपनीच्या नावावर. दोन हजार सहा साली मुंबईच्या मासिकाचा एक पठ्ठ्या नवी गिअरवाली सायकल तपासायला आला होता. अंजनेरीच्या उतारावर ब्रेक लागेनात, तेव्हा सावळीरामनेच केबल आणि रबरं बदलून दिली. आणि छापलं काय, तर 'कंपनीचे ब्रेक अव्वल!'

ते वाचून देवरे मास्तरांनी तीच सायकल घेतली. चाकात हवा भरता भरता सावळीराम कळवळून म्हणाला, "सर, आधी ब्रेक बदलून घ्या."

"मासिकवाल्यांपेक्षा तुला जास्त कळतं?"

आठवड्याने मास्तर प्लास्टरातला हात घेऊन दुकानात आले आणि चार गिऱ्हाइकांदेखत ओरडले, "हवा भरताना तूच ब्रेकला काहीतरी केलंस!"