काळ्या स्क्रीनवरचं दीपगृह

तीस वर्षं मी रेल्वेत टीसी होतो. तेव्हा भुसावळला बिऱ्हाड होतं, आता जळगावात मेहरूणला राहतो. नोकरी सुटली, पण तिची एक खोड मागे राहिली. समोरचा खोटं बोलतोय असं धरूनच मी ऐकायला बसतो. बर्थवर झोपेचं सोंग घेतलेला माणूस मी नुसत्या श्वासावरून ओळखायचो. घरात ही खोड कुणालाच आवडत नाही. मला आवडते.

नोकरी लागायच्या आधी धुळ्यात मी आणि माझ्या मित्राने कॉम्प्युटरचा क्लास लावला होता. दोघांत एक मशीन. सर बाहेर गेले की आम्ही एक गेम काढायचो. त्यात चित्र म्हणून एकही नव्हतं. काळ्या स्क्रीनवर हिरव्या अक्षरांत इंग्रजी वाक्यं उमटायची: तुम्ही एका ओसाड दीपगृहाच्या दाराशी उभे आहात, उत्तरेला जिना आहे. पुढे काय करायचं ते आपण टाइप करायचं. आम्ही दोघांनी तोवर समुद्र पाहिलेला नव्हता. टायपिंग माझं, नकाशा त्याचा. चौकटीच्या वहीत तो खोली न् खोली आखायचा. पुढे तो आरेखक झाला, धुळ्यातच राहिला आणि जन्मभर कालव्यांचे नकाशे काढत राहिला. दीपगृह मात्र अर्धवट राहिलं, कारण क्लास संपला.

या उन्हाळ्यात तो गेम मला इंटरनेटवर सापडला. नव्या कॉम्प्युटरला जुन्याचं सोंग घ्यायला लावणारा एक छोटा प्रोग्राम असतो, त्यात तो चालतो. ते सोंग जमवण्यात दोन दिवस गेले. एकदा अक्षरं इतकी बारीक आली की भिंग शोधावं लागलं. मग तीच काळी स्क्रीन, तीच लुकलुकणारी रेघ समोर आली आणि मला खरंच भरून आलं. गेमला शिव्या कळत नाहीत, हेही मी पुन्हा तपासून पाहिलं. मित्राला फोन केला. तो त्याच्या अहिराणीत म्हणाला, मी पण खेळस. आम्ही अट एकच घातली. या गेमची उत्तरं इंटरनेटवर पडलेली आहेत, ती कुणी पाहायची नाहीत. रोज संध्याकाळी चहाच्या वेळी फोन करायचा आणि कोण कुठवर पोचलं ते सांगायचं.

पहिले आठ दिवस मजेत गेले. मग जिन्यातली घंटा आली. पायरीवर पाऊल टाकलं की ती वाजायची आणि वरचं दार बंद व्हायचं. चार दिवस मी तिथेच अडकलो. पाचव्या दिवशी मी उत्तर पाहिलं. एकदाच. घंटेला तेलकट कापड गुंडाळायचं होतं. कापड बंद तळघरात होतं, आणि तळघराची किल्ली कुठे आहे हेही त्याच पानावर होतं, म्हणून मी ते एकातच धरलं. संध्याकाळी फोनवर ऐटीत सांगितलं, सुचलं बुवा. तो नुसता 'वा' म्हणाला.

त्यानंतर तो माझ्या पुढे गेला. पुढे म्हणजे किती? मी जिन्यावर, तर हा दिव्याच्या खोलीत. खोल्यांची वर्णनं तो शब्दन् शब्द म्हणून दाखवायचा, पान समोर धरल्यासारखी. मी म्हटलं, नकाशाचा फोटो पाठव. तो म्हणाला, "नकाशा मन्हा डोकामा शे." जन्मभर कागदावर रेघा मारलेला माणूस आणि नकाशा डोक्यात? मी लिहून पाठवलेल्या मेसेजला तो कधी लिहून उत्तर देईना, बोलूनच पाठवायचा. आणि एका संध्याकाळी फोनवर मला त्याच्या मागे तिसऱ्याच माणसाचा आवाज आला. इंग्रजी, भराभर, सपाट. मी विचारलं, कोण आहे रे? तो म्हणाला, कोनी नही. आवाज लगेच बंद झाला.

मला कळायचं ते कळलं. कोणीतरी परदेशी माणूस हा गेम सोडवून दाखवतो, आणि आमचे मित्र त्याचा व्हिडिओ लावून बसतात. चाळीस वर्षांची दोस्ती, आणि मला फसवतोय. रागाने त्या दिवशी चहाही गोड लागला नाही. त्याला रंगेहाथ पकडायचं, मग पुन्हा फोन करायचा नाही, असं मी ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी न कळवता एसटीत बसलो. एरंडोल, पारोळा करत धुळ्याला पोचेपर्यंत काय काय सुनावायचं ते मनात तीनदा घोकून झालं होतं. दार वहिनींनी उघडलं. मी ओठांवर बोट ठेवलं. त्या बाजूला झाल्या. आतून तोच आवाज येत होता.

तो माझ्याकडे पाठ करून बसला होता. बोटं कीबोर्डवर होती आणि तो सपाट आवाज इंग्रजीत सांगत होता की दिव्याच्या खोलीत वारा आहे. मी स्क्रीनकडे पाहिलं. स्क्रीन बंद होती. तिचा बारका दिवासुद्धा लागलेला नव्हता.

"कोन शे?" त्याने मान न वळवता विचारलं.

वहिनींनी मला सांगितलं. शुगरने दोन्ही डोळे गेले होते, आठ महिने झाले. तो आवाज कॉम्प्युटरचाच होता, स्क्रीनवरची अक्षरं वाचून दाखवणारा. मला कळवायचं नाही अशी त्याने सगळ्यांना ताकीद दिली होती.

मी खुर्ची ओढून बसलो. घोकलेल्यातलं एकही वाक्य आता चालणार नव्हतं. शेवटी एवढंच विचारलं, मला का नाही सांगितलंस?

"तू मंग माले मुद्दाम जिकू देता," तो म्हणाला. "बाकी बठ्ठा गेम चित्रंना. या गेममा तुले जितलं दिसस, तितलंच माले दिसस."

वहिनी चहा ठेवायला आत गेल्या. मग तो हळूच म्हणाला, "एक इचारू? तू आदल्या दिवशी सांगेल व्हतं की तळघर बंद शे. दुसरा दिवशी तुन्हा हातमा कापड. किल्ली तर किनाराले वाळूमा पुरेल शे. किनारानं नाव तू एकदाबी काढं नही."

तीन आठवडे त्याला ठाऊक होतं. तो रोज माझा फोन उचलत होता, वा म्हणत होता. आणि मी त्याला पकडायला एसटीने आलो होतो. मला लाज वाटली, आणि ती त्याला दिसत नाही याची जास्तच वाटली.

"विनातिकीट होतो," मी म्हटलं.

"मंग दंड भर. पह्यलेपासून खेळ. मन्हासमोर."

त्याने खुर्ची सरकवली आणि कीबोर्ड माझ्याकडे दिला, क्लासमध्ये असायचा तसा. म्हणाला, स्क्रीनचं बटन उजव्या बाजूला आहे, लाव. मी ते लावलं नाही. आवाज सांगू लागला, तुम्ही एका ओसाड दीपगृहाच्या दाराशी उभे आहात. दहा मिनिटांत मी वाट चुकलो, आणि आता कुठे वळायचं ते त्याला विचारलं.