सुमनचा राहिलेला भाग

बातमी मला कुणी सांगितली नाही. सकाळी दूध घेऊन आलो तर सुमन खुर्चीत बसलेली, चष्मा डोळ्यांवर, शेगडीवर चहाचं पाणी आटून गेलेलं. मी म्हटलं, "अगं, पातेलं जळालं की!" ती काही बोलली नाही... तेव्हा कळलं. महिना उलटला. ते पातेलं अजून घासून निघत नाही.

सुमन माझी धाकटी बहीण. दवाखान्यात नर्स होती. लग्न केलं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही. विचारायला गाव होतंच. देवळाली प्रवऱ्याला आमच्या शेजारच्या गल्लीत खोली घेऊन एकटी राहायची. टीव्ही आमच्याकडं. आठवड्यातून एकदा एक विनोदी मालिका लागायची, त्या दिवशी ती जेवायलाच यायची आणि माझी बायको हौसा नि ती ताट मांडीवर घेऊन बघत बसायच्या. त्यातली पोरगी हापिसात टायपिंग करायची, शहरात खोली घेऊन एकटी राहायची. घरमालकीण दर खेपेला नवं स्थळ घेऊन दारात उभी, आणि ही काहीतरी युक्ती काढून त्याला वाटेला लावायची. मागून माणसं हसल्याचा आवाज. सुमन म्हणायची, "वहिनी, हिला हसनारी दिसत तरी न्हाईत. माजी पारावर बसल्यात." हौसाला ठसका लागायचा.

शेवटच्या भागाला नेमकी कुणी बाळंतीण अडली, आणि सुमन भरलं ताट ठेवून पळाली. त्या पोरीनं साहेबाशी लग्न केलं, नोकरी सोडली, खोलीची किल्ली घरमालकिणीच्या हातात दिली. मागं टाळ्या. हौसानं टीव्ही बंद केला. म्हणाली, "आता वन्सना काय सांगायचं?" सकाळी सुमन ड्यूटीवरून थेट चहाला आली. "दादा, काय झालं रे तिचं?" मी तोंडावर बोलणारा माणूस, त्यापायी निम्मे सोयरे तुटले. पण त्या दिवशी म्हणालो, "काय ठावं. लाईट गेल्ती." ती "बरं" म्हणाली आणि चहा प्याली.

हौसा गेली तेव्हा सुमन रिटायर होऊन केडगावला स्वतःच्या दोन खोल्यांत राहत होती. मला घेऊन गेली. लोक म्हणाले, भाऊ बहिणीच्या दारात पडला. ती म्हणाली, "पडू दे की. सैपाक माजा, भांडी तुजी." संध्याकाळी टीव्ही. मधल्या काळात सगळ्या मालिकांत बायका दागिने घालून झोपायच्या, आणि नोकरी करणारी दिसली की समजायचं, हीच घर फोडणार. अलीकडं माझी नात, लेकीची मुलगी, मोबाईलवर नव्या मालिका दाखवायची, त्यात पोरगी एकटीच मोठ्या फ्लॅटात राहते, कधीही येते, कधीही जाते. सुमन निरखून बघायची. "लई चांगलं हाय. पन हिला खोली देताना कुनीच कसं इचारलं न्हाई, घरी कोन कोन असतं? मला तर चार ठिकानी इचारलं."

त्याच नातीनं ती जुनी मालिका मोबाईलवर शोधून दिली. रोज एक भाग बघायचो. सुमन गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी शेवटून दुसरा संपला आणि पुढचा आपोआप सुरू व्हायला लागला. मी म्हटलं, "ऱ्हाऊ दे, उद्या बघू."

"दादा," ती हसली, "आरं, सगळ्या गल्लीत लाईट हुती, तुजीच तेवडी कशी गेली? दुसऱ्या दिवशी दवाखान्यात येनारी परत्येक बाई सांगत हुती, सिस्टर, तिनं सुदिक लगीन केलं, आता तुमचा नंबर."

"मग तवाच का न्हाई बोललीस?"

"ती तरी येकटी ऱ्हाईल आसं वाटलं हुतं मला. येका तुज्याच घरात तशी ऱ्हायली हुती ती... बंद कर."

मी बंद केला.

दहाव्याला बाया म्हणत होत्या, बिचारी, जन्मभर एकटीच. मी म्हणालो, "बिचारी कशानं? मी तिच्या घरात ऱ्हातोय, ती माज्या न्हाई."

आता भांडी घासून झाली की मोबाईल लावतो. तिची खुर्ची तिथंच आहे, मी खाली बसतो. ती पोरगी स्थळं परतवत राहते, मागची माणसं हसत राहतात. शेवटून दुसरा भाग संपला की मोबाईल पालथा घालतो आणि मोठ्यानं म्हणतो, सुमे, लाईट गेली गं.

डोक्यावर बल्ब चालूच असतो.