डाळिंबी रंगातले खड्डे

आधीच सांगून ठेवतो, आमच्या ताईचं कौतुक करताना मला अजिबात लाज वाटत नाही. ज्यांना वाटते त्यांनी आपापल्या बहिणीचं कौतुक करू नये. माझी बहीण सत्तावीस वर्षं लोखंडी कपाटांच्या कारखान्यात रंगाची गन चालवत होती, आणि तिने रंगवलेल्या कपाटात बघून तुम्ही सरळ भांग पाडला असता. कपाटं सगळी करडी असायची, तो भाग वेगळा.

मी शिंपी. सोफे, गाद्या, गाड्यांच्या सीटा, सांगाल ते शिवतो. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. मला त्रेपन्न संपलं, डोक्यावर नावाला केस उरलेत, पण तिच्या लेखी मी अजून ‘बारक्या’च. तिने लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची आमच्या घराण्यात कोणाची छाती झाली नाही. घरात आम्ही तिघंच: ती, मी आणि माझी बायको.

ताईच्या निवृत्तीला पाच महिने उरले असताना कारखान्यात कपाटांवर खड्डे यायला लागले. खड्डे म्हणजे काय, तर रंग ओला असतानाच जागोजागी फाकतो आणि मोहरीएवढे गोल गोल डाग उघडे पडतात. ताई म्हणाली, कुठून तरी तेल येतंय. हवेचा कॉम्प्रेसर उघडला, नळ्या उघडल्या, तेलाचा टिपूस सापडला नाही. खड्डे चालूच. शेवटी सुपरवायझरने सगळ्या खात्यासमोर तिच्या हातातली गन काढून घेतली आणि म्हणाला, “बाई, वय झालं. तुमचा हात गेला आता.” पुढचे पाच महिने तिला स्टोअरमध्ये बसवून स्क्रूच्या पुड्या बांधायला लावल्या.

हे तिने घरी एकदाच सांगितलं, भाजी निवडता निवडता, दुसऱ्या कोणाबद्दल सांगावं तसं. त्यानंतर तिने ब्रशसुद्धा हातात धरला नाही. आमच्या घराच्या फाटकाला गंज चढला होता. मी म्हटलं, “ताई, मारतेस का एक हात?” तर म्हणाली, “माणूस बोलाव.” आमच्या घरात रंगाला माणूस! मला जेवण गेलं नाही त्या दिवशी. फाटक मात्र मी तसंच ठेवलं. माणूस बोलावणार नाही म्हणजे नाही.

समोरच्या गल्लीत दातांचे म्हातारे डॉक्टर राहायचे. ते मुलीकडे कायमचे राहायला निघाले तेव्हा त्यांच्या गॅरेजमधून एक गाडी निघाली. दोन सीटांची, वर टप नाही, लांब नाकाची जुनी स्पोर्ट्स कार. पस्तीस वर्षं जागची हललेली नव्हती, मांजरांच्या किती पिढ्या तिच्यात वाढल्या देव जाणे. डॉक्टर ताईला म्हणाले, “भंगारात द्यायला जीव होत नाही हो. तुम्ही रंगवणार असाल तर न्या.”

“मी रंग सोडला,” ताई म्हणाली. पण पाय काही तिथून निघेना. तिने दार उघडलं, बिजागरीमागची धूळ पदराने पुसली. तिथे ऊन कधी लागलंच नव्हतं, त्यामुळे मूळ रंग जसाच्या तसा होता. गडद डाळिंबी. सत्तावीस वर्षं करडा रंग मारलेली बाई त्या चार बोटं जागेकडे बघतच राहिली. मग मला म्हणाली, “बारक्या, उभा काय राहिलास? दोर आण.”

गाडी आमच्या मागच्या शेडमध्ये आली आणि दीड वर्षं आमच्या संसाराचं गॅरेज झालं. इंजिन शेजारच्या मेकॅनिकने घेतलं. त्याला आम्ही नटबोल्ट म्हणतो, कारण दिवसाला दोनच शब्द बोलतो आणि तेही बहुतेक वेळा हेच दोन असतात. पत्रा ताईचा. गंजलेला भाग कापायचा, नवा तुकडा जोडायचा, पुट्टी भरायची, पाणी घालून घासायचं, परत भरायची, परत घासायचं. बघताना तुम्हाला वाटेल झालं आता. तिला वाटायचं नाही. ती तळहाताखाली पातळ मलमलीचा तुकडा धरायची, डोळे मिटायची आणि हात पत्र्यावरून सावकाश फिरवायची. मध्येच थांबायची. “इथे.” मी नाक टेकवून बघितलं तरी मला तिथे काही दिसायचं नाही. घासल्यावर मात्र बरोबर त्याच जागी खळगा निघायचा.

पण रंगाचं नाव निघालं की गप्प. पुट्टी मी भरते, गन कोण धरेल ते बघू, एवढंच. माझ्या बायकोलाच शेवटी राग आला. “वन्सं, दीड वर्षं घासलंत ते दुसऱ्याच्या हातात द्यायला? मग आम्ही पण जेवण आजपासून बाहेरूनच मागवतो.” ताई हसली नाही, पण दुसऱ्या दिवशी जाऊन गन घेऊन आली.

मग आमच्यावर आणीबाणी लागली. शेडच्या भिंतींना प्लास्टिक, जमिनीवर पाणी, मागच्या भिंतीला हवा बाहेर फेकणारा पंखा, आणि ओसरीकडच्या दाराला ताणून लावलेलं जाड कापड, म्हणजे आत येणारी हवा गाळून यावी. तीन दिवस आधीपासून घरात तेल बंद. डोक्याला नाही, अंगाला नाही, कढईत नाही. तेलाचा कण हवेत नको. तिसऱ्या दिवशी बायको आरशासमोर उभी राहून म्हणाली, “डोक्याचं गवत झालं माझं.” उकडलेलं खाऊन खाऊन माझंही तोंड उतरलं होतं. पण नियम म्हणजे नियम.

आता माझा पराक्रम ऐका. सीटा मी शिवल्या होत्या. फिकट बदामी चामडं, दुहेरी शिवण, एक टाका इकडचा तिकडे नाही. त्या ओसरीवर, शेडच्या दाराला लागून, चादरीखाली ठेवल्या होत्या. रंगाच्या दिवशी सकाळी ताई अंघोळीला गेली आणि मला हुक्की आली. दुकानदाराने चामड्यासाठी नव्या पॉलिशचा डबा दिला होता, दाबला की फवारा उडतो तसला. म्हटलं, रंग झाल्यावर ताई चादर उचलेल आणि म्हणेल, वा रे बारक्या! मारला फवारा. सढळ हाताने मारला. तेल तर नव्हतंच ते, डब्यावर तेलाचं नाव नव्हतं. सीटा काय चमकल्या म्हणून सांगू! वर चादर टाकली आणि साळसूदपणे बाजूला जाऊन उभा राहिलो.

ताई आत गेली, डोक्याला फडकं, तोंडाला मास्क. पंखा सुरू झाला. खिडकीच्या काचेतून मी आणि नटबोल्ट बघत होतो. तिचा हात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायचा आणि परत यायचा, ना वर ना खाली, अंतर तेच, वेग तोच. दोन वर्षं गन न धरलेली बाई! नटबोल्ट म्हणाला, “बघ, बघ.” माझी मान एवढी ताठ झाली की दुखायला लागली.

आणि बॉनेटवर खड्डे आले. मोहरीएवढे. आधी चार, मग चाळीस, मग दारांवरसुद्धा.

ताईने गन खाली ठेवली, पंखा बंद केला आणि बाहेर येऊन पायरीवर बसली. मास्क काढला नाही. “सुपरवायझर खरं बोलला,” ती म्हणाली.

“अगं, काहीतरी उडालं असेल...”

“काय उडालं? तिथे तेल नव्हतं, इथेही तेल नाही. तिथे मी होते आणि इथेही मीच आहे.” हिशोब चोख होता. तिने नटबोल्टला सांगितलं, सोमवारी तुझ्या ओळखीचा रंगारी बोलाव, गन त्याला देऊन टाक. आणि आत जाऊन डोक्याला तेल लावलं. चपचपीत. ते बघून मला रडूच आलं, खोटं कशाला बोलू.

तीन दिवस शेडचं दार कोणी उघडलं नाही. रविवारी सकाळी मी उगाच हाताला काम म्हणून एक सीट घेऊन बसलो. पाठीला एक बटण लावायचं होतं. खडूने खूण करायला गेलो तर खडू घसरला. परत केली, परत घसरला. चामड्यावर रेघच उमटेना. आतल्या कडेला पट्टी चिकटवून बघितली, ती सुटून हातात आली. मी खडू खाली ठेवला. ज्याच्यावर खडू धरत नाही, त्याच्यावर रंग काय धरणार? मी फवारा मारला ओसरीवर, दाराला लागून. पंखा हवा ओढत होता ओसरीवरूनच. धूळ अडवणारं कापड वाफ कशी अडवेल?

आता खरं सांगतो. पहिला विचार आला तो डबा लपवायचा. ताईचा हात अजून जड आहे, आणि दीड वर्षाची मेहनत मी मातीत घातली होती. उद्या रंगारी येईल, रंगवून जाईल, कोणाला कळणार? दहा मिनिटं मी तो डबा मांडीवर घेऊन बसलो. बायको दारात उभी होती. माझ्या तोंडावरूनच तिला कळलं असावं. म्हणाली, “तुम्ही जाताय की मी जाऊ?”

गेलो. ताई स्वयंपाकघरात शेंगा सोलत होती. सगळं एका दमात बोलून टाकलं आणि डबा पुढे केला. मला वाटलं, आता भडका उडणार. तिने डबा घेतला, मनगटावर थोडा फवारा मारला आणि मनगट नाकाशी नेलं.

“हा वास,” ती म्हणाली. “बारक्या, हा वास मला माहीत आहे.” कारखान्यात रंगाच्या खात्याला लागून पॅकिंग, मध्ये फक्त फळ्यांची भिंत, तीही वरून उघडी. कपाटं दुकानात जास्त चमकावीत म्हणून तिथे शेवटी शेवटी असलाच फवारा मारायला लागले होते. लिंबासारखा गोड वास दिवसभर यायचा. “कधीपासून मारायला लागले म्हणशील? खड्डे आले ना, त्याच महिन्यापासून.”

मग तिने मला पाठीत धपाटा घातला. असा सणसणीत, की शेंगा उडाल्या. आणि घातल्या घातल्या माझा खांदा धरून हमसून हमसून रडायला लागली. आई गेली तेव्हाही ही अशी रडली नव्हती. “हात गेला नव्हता रे माझा,” एवढंच म्हणत होती. माझी पाठ चार दिवस दुखली. दुखू दे म्हटलं.

रंगाऱ्याला नको म्हणून निरोप गेला. सीटांना नटबोल्टच्या घरी हद्दपार केलं, मलाही जवळजवळ केलंच. सगळा रंग पत्र्यापर्यंत खरवडून काढला, पत्रा थिनरने तीनदा पुसला, प्लास्टिक नवं लावलं. पुन्हा तेल बंद. दीड महिन्याने ताई पुन्हा आत गेली. ह्या वेळी मला खिडकीपाशीही परवानगी नव्हती, मी फाटकाबाहेर रस्त्यावर उभा. दुपारी नटबोल्ट बाहेर आला. मी विचारलं, “खड्डे?” त्याने नाही म्हणून मान हलवली आणि म्हणाला, “आरसा.” आयुष्यात पहिल्यांदा त्याला एका शब्दात भागलं.

मी आत जाऊन बघितलं. काय सांगू! डाळिंब फोडून उन्हात धरावं तसा रंग. माझं टक्कल त्यात स्पष्ट दिसत होतं.

पुढच्या आठवड्यात ताई म्हणाली, “चल, बस.” कुठे, ते सांगितलं नाही. चार वाजता, शिफ्ट सुटायच्या वेळी, तिने गाडी कारखान्याच्या गेटसमोर नेऊन उभी केली. मी माझ्या सीटवर, छाती काढून. बघता बघता माणसं जमली. जुनी ओळखीची माणसं ताईला हाका मारायला लागली. तेवढ्यात सुपरवायझर बाहेर आला. त्याने आधी गाडीच बघितली. भोवती फिरला, वाकून तिरक्या उजेडात दारं बघितली, बॉनेटवरून तळहात फिरवला. खोट शोधत होता, आणि मी मनात म्हणत होतो, शोध, शोध.

“रंग कोणी मारला?” त्याने विचारलं.

मी तोंड उघडलं होतं. बोलायला माझ्याकडे बरंच काही तयार होतं. ताईने माझ्या मांडीला चिमटा काढला.

“मी,” ती म्हणाली.

त्याने तेव्हा कुठे वर बघितलं. मग दाराशी वाकून हळूच म्हणाला, “ताई, तुमच्यानंतर दोन माणसं बदलली मी. दोघांनाही काढलं. खड्डे अजून येतात.” बाई म्हणणारा माणूस ताई म्हणाला, माझ्या कानांनी ऐकलं.

मला वाटलं, आता ही त्याला सोलणार. सोलायलाच हवं होतं. ताईने सीटखाली हात घातला, माझा तो पॉलिशचा डबा काढला आणि त्याच्या हातात दिला.

“हे पॅकिंगमध्ये मारणं आजच बंद करा,” ती म्हणाली. “आणि त्या दोघांना परत बोलवा. त्यांचे हात गेलेले नाहीत.”

तिने गाडी सुरू केली. सत्तावीस वर्षं रोज तिची पिशवी तपासणारा वॉचमन पुढे झाला आणि लोकांना हटवून त्याने आम्हाला वाट करून दिली. घरी आलो. फाटकापाशी तिने गाडी थांबवली, गंजाकडे बघितलं आणि म्हणाली, “हे काय ध्यान करून ठेवलंय? उद्या घासायला घे.”