पार्किंग लॉटवरची पिवळी चिठ्ठी

पडद्यावर माझी पहिली स्लाइड उमटली: ‘रविवारी बॉसचा ईमेल उघडू नका!’ खाली समुद्रकिनाऱ्यावर आडवा पडलेला माणूस. समोर श्रीलंकेहून आलेले अठरा शिक्षक. त्यांनी ते वाक्य इमानेइतबारे वहीत उतरवून घेतलं. मग मागच्या रांगेतल्या एका गुबगुबीत सरांनी हात वर केला.

“सर, आमच्या हेडमास्तरांकडे ईमेल नाही. तरी चालेल?”

इथल्या, सिंगापूरच्या चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेसाठी केलेली स्लाइड काढायची मी विसरलो होतो. मी कॉर्पोरेट ट्रेनर. ऑफिस आणि घर यांचा तोल कसा सांभाळावा हे लोकांना शिकवतो, आणि ते शिकवायला शनिवारीही घराबाहेर असतो. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला माझी बायको मेधा हे चहाबरोबर ऐकवते.

श्रीलंकेतलं युद्ध संपून तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. एका संस्थेनं तिथले तमिळ आणि सिंहली शिक्षक पाच दिवसांच्या कोर्ससाठी बुओना व्हिस्टाच्या आमच्या ऑफिसात पाठवले होते. विषय, शांतता कशी उभारायची आणि आयुष्याचा तोल कसा सावरायचा. माझी बॉस जेनिस म्हणाली होती, “बॅलन्स इज बॅलन्स लाह. वॉरच्या दोन स्लाइड घाल. कॅन?”

“कॅन,” मी म्हणालो होतो. ‘जमेल’साठीचा हा सिंगापुरी शब्द नको तिथे माझ्या तोंडून पटकन निघतो.

ईमेलचं हसू ओसरल्यावर मी आइसब्रेकर घेतला. अनोळखी माणसं मोकळी व्हावीत म्हणून सुरुवातीला खेळतात तो खेळ. स्वतःबद्दल तीन गोष्टी सांगायच्या, दोन खऱ्या, एक खोटी. खोटी कोणती ते बाकीच्यांनी ओळखायचं. बँकवाले त्यात फार रमतात.

तिसरा नंबर वसंती टीचरचा. उत्तरेकडच्या एका तमिळ गावातल्या, पन्नाशीच्या, सुती साडी नेसलेल्या. उभ्या राहून त्या म्हणाल्या, “मी गणित शिकवते. मला मासे आवडत नाहीत. माझा मुलगा जिवंत आहे.”

माझ्या हातात स्टॉपवॉच होतं. मी उत्साहात विचारलं, “चला, यातलं खोटं कोणतं?”

सगळ्यांनी माना वह्यांत घातल्या.

“मग टीचर, तुम्हीच सांगा!”

“पहिली दोन खरी आहेत, सर. तिसरं मला माहीत नाही. युद्धात त्याला घेऊन गेले, त्यानंतर काही कळलं नाही.”

इथे मी थांबायला हवं होतं. मी म्हणालो, “पण एक तरी खोटं असायला हवं ना? तसा नियम आहे.”

हे वाक्य मला आजही आंघोळ करताना मध्येच आठवतं.

तेवढ्यात ते मघाचे गुबगुबीत सर उठले. त्यांचं नाव निमल, ते सिंहली. “सर, आता माझा नंबर. मी देखणा आहे. मी बायकोला घाबरत नाही. आणि सिंगापूरमध्ये मला अजिबात उकडत नाही. ओळखा!” त्यांचा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. वर्ग हसला. वसंती टीचरही किंचित हसल्या आणि खाली बसल्या. निमल सरांनी आपली पाण्याची बाटली त्यांच्यापुढे सरकवली. माझी पुढची स्लाइड होती ‘शांततेच्या पाच पायऱ्या’. ती मी तशीच दाखवली.

आमच्या धंद्यात पार्किंग लॉट नावाचा एक तक्ता असतो. वेळापत्रकात न बसणारे प्रश्न चिठ्ठीवर लिहून तिथे चिकटवायचे. शेवटी घेऊ, असं म्हणायचं. चहाच्या सुट्टीत वसंती टीचरनी त्यावर एक पिवळी चिठ्ठी लावली. ‘बाबा परत येणार का, असं मुलानं वर्गात विचारलं तर काय सांगायचं?’

“माझ्या वर्गात अशी सात मुलं आहेत, सर,” त्या म्हणाल्या. “मी एवढंच विचारायला आले आहे.”

“फार छान प्रश्न,” मी म्हणालो. “शेवटी घेऊ.”

संध्याकाळी जेनिसला सांगितलं. “नो नो, ते काउन्सेलिंग झालं,” ती म्हणाली. “मॉड्यूल सोडून जाऊ नकोस. कॅन?”

“कॅन.”

पाचव्या दिवशी सर्टिफिकेटं आणि ग्रुप फोटो यांतच वेळ संपला. बाकीच्या चिठ्ठ्या उत्तरं देऊन आधीच निघाल्या होत्या. टीचर तक्त्यापाशी उभ्या होत्या.

“सर, माझी राहिली.”

“मेल करतो. नक्की.”

त्यांच्याकडे ईमेल नव्हता. त्यांनी निमल सरांच्या मुलीचा पत्ता त्याच चिठ्ठीच्या मागे लिहून दिला. फीडबॅक फॉर्मवर त्यांनी मला ‘वेळेचं नियोजन’ या रकान्यात पाचपैकी पाच दिले. जेनिस खूश झाली.

मी मेल लिहायला घेतला, तीनदा. एकात पाच पायऱ्या होत्या. एकात नुसतं सांत्वन. तिसरा बरा होता, पण त्यातही उत्तर नव्हतं. उत्तर सापडलं की पाठवू, असं ठरवून तो ठेवून दिला. त्याला वर्ष झालं.

एका रविवारी मेधा माझी जुनी लॅपटॉप बॅग रिकामी करत होती. आमचा मुलगा तेव्हा नॅशनल सर्व्हिसमध्ये, म्हणजे इथल्या सक्तीच्या लष्करी सेवेत होता. शनिवारी कॅम्पमधून घरी यायचा आणि दुपारपर्यंत झोपायचा. त्याचे बूट दाराशी होते. बॅगेच्या कप्प्यातून पिवळी चिठ्ठी निघाली.

“हे काय रे?”

मी सगळं सांगितलं. त्या नियमाच्या वाक्यासकट. शेवटी म्हणालो, “पण एक शिकलो. आता मी पार्किंग लॉट लावतच नाही. प्रश्न आला की तिथेच थांबतो. स्लाइड उरतात, पण उरलेल्या स्लाइडबद्दल आजवर कुणी तक्रार केलेली नाही.”

मेधानं चिठ्ठी दोन्ही बाजूंनी वाचली. मग मुलाच्या खोलीच्या बंद दाराकडे पाहिलं.

“अरे, ती बाई भरल्या वर्गात उभी राहून ‘माहीत नाही’ म्हणाली,” ती म्हणाली. “तुला ते एका मेलमध्ये लिहिता आलं नाही?”