घोरपडीचं घुमट

आमच्या शेजारच्या भाईच्या हातात घुमट होतं, हे त्याचा वैरीसुद्धा नाकारणार नाही. धंदा सुतारकीचा, पण चतुर्थीत घरोघर आरती फिरायची ती याच्या ठेक्यावर. मातीचं मडकं, तोंडाला घोरपडीचं कातडं. ते चढवलं होतं माझ्या घोवानं. तो वारला, मी एकटी उरले, घुमट भाईकडेच राहिलं. घोरपड मारू नये असा कायदा तेव्हाही होता म्हणतात. पण कातडं घुमटाला नि मांस कालवणात, विचारतो कोण! आता त्याच वाडीतली पोरं घोरपड दिसली की वनखात्याला फोन लावतात.

भाईची एकुलती एक लेक गौरजा तर वनरक्षकच झाली. तिनं बजावलं, "बाबा, घरात ह्या घुमट सापडला तर माझी नोकरी जातली." बाप म्हणाला, "दर्यात टाकलंय." आणि बकऱ्याच्या कातड्याचं नवं आणलं.

यंदा पावसाळी हवेनं ते सैल पडलं. त्याच्याच घरच्या आरतीत पोरं हसली, "भाईनू, डबो वाजवतास काय?" झालं! भाईला झोंबलं. तरातरा आत गेला नि माळ्यावरून जुनं घेऊन आला. मी म्हटलं, "मेल्या, गौरजेच्या पोटार पाय देव नको." ऐकेल तर तो भाई कसला!

आरती रंगात आली आणि गौरजा आपल्या साहेबांना दर्शनाला घेऊन दारात उभी. साहेबांनी आरती संपू दिली. मग विचारलं, "घोरपडीचं ना हे? कुणाचं आहे?"

भाई म्हणाला, "आमचं नाही साहेब. या हौसावैनींच्या घरचं."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. पण गौरजेचं तोंड पांढरंफटक पडलेलं. मी म्हटलं, "होय, माझंच."

"नाही सर," गौरजा म्हणाली. "बाबांचंच आहे. काकींना यात ओढू नका. पंचनामा करा, मी बाजूला होते."

बापाकडे तिनं बघितलं नाही. साऱ्या वाडीसमोर भाईची मान खाली गेली. लाज मलाही वाटली. माझ्याच माणसाच्या हातचं काम ते.

दुसऱ्या दिवशी भाई माझ्या दारच्या खळ्यात येऊन बसला. "वैनी, तुझाच नाव कित्याक तोंडात इला, माकाच कळना नाय."

"माका कळता," मी म्हटलं. "एकटी रांडमुंड बाई, तिच्यामागे कोण उभो रवतलो, असा वाटला तुका."

'नाय' म्हणायला त्यानं तोंड उघडलं, आणि तसाच रडायला लागला.