रांगेतला हंडा आणि नाक्यावरचं भाषण

कराडहून निघालेली एसटी परळच्या डेपोत शिरली तेव्हा माझा एक पाय झोपलेला होता आणि दुसरा उत्साहात होता. उतरताना नेमका झोपलेला पुढे टाकला आणि मुंबईच्या भूमीला लोटांगण घातलं. समोरच्या फलकावरून पालिका निवडणुकीतले एक उमेदवार माझ्याकडे बोट रोखून पाहत होते, जणू मला त्यांनीच पाडलं होतं. फलकावर नाव एवढंच: भाऊ.

मी आलो होतो सुमनताईच्या गुडघ्याची चौकशी करायला. ही माझी मावसबहीण, लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर राहते. वाटेत मसाला कुटणाऱ्या डंकांवरून मिरचीचा खकाणा असा उठत होता की तिच्या दारात मी शिंकतच पोचलो. जेवायला बांगड्याचं तिखलं (तिरफळ घातलेलं दाट, झणझणीत कालवण) होतं. चौथी भाकरी मोडताना पाहिलं, ताई तांदूळ धुतलेलं पाणीसुद्धा बाजूला ठेवत होती. तिसऱ्या मजल्याचा नळ चार महिने कोरडा होता. खालच्या अंगणातल्या नळावरून हंडे वर यायचे आणि ते ताईच्या गुडघ्यावरून यायचे.

दाजी भाऊंच्या बाजूचे, खिडकीत भाऊंच्या प्रचाराचं फडकं लावलेलं. गिरणीकामगाराचा मुलगा, त्यांच्या मते या शहरात ओरडल्याशिवाय कोणाला काही मिळालेलं नाही. ताईचं ठरत नव्हतं. ती म्हणाली, "माझं मत पाण्याला. कोण आणणार, तेवढं कळू दे."

या चाळीत पाण्याच्या रांगेत माणसं उभी राहत नाहीत, हंडे राहतात. नंबर आला आणि मालक जागेवर नसला, तर हंडा गुपचूप शेवटी जातो. त्यावर अपील नाही. संध्याकाळी ताईने तांब्याचा हंडा माझ्या हाती दिला आणि तिथून हलायचं नाही, असं दोनदा बजावलं.

पुढे अकरा हंडे होते. आणि नाक्यावर भाऊंची सभा सुरू झाली. मी पडलो निवेदक. कराडात बारशापासून सत्कारापर्यंत माइक माझ्याच हातात असतो. चांगला आवाज कानावर आला की माझे पाय माझे राहत नाहीत. दाजी निघालेच होते, त्यांच्यामागे मीही गेलो. पाच मिनिटांसाठी.

काय तो माणूस! टेबलावर मूठ आपटली की पाण्याचा ग्लास उडायचा आणि त्याबरोबर आम्हीही. मध्येच दाजींनी हात वर केला. "भाऊ, आमच्या तिसऱ्या माळ्यावर चार महिने पाणी नाय. कधी येतला?"

भाऊ थांबले, हसले. "काका, समोरच्यांनी पढवून पाठवलंय वाटतं. सांगा त्यांना, भाऊ कोणाच्या बापाला घाबरत नाही."

नाका दणाणला. सगळ्यांत मोठी टाळी माझी होती. ती वाजवून शेजारी पाहिलं, तर दाजींचा हात अजून अर्धा वरच होता.

परतलो तेव्हा आमचा हंडा रांगेच्या टोकाला होता आणि नळातून नुसती हवा फुसफुसत होती. ताई स्वतः तीन मजले उतरून पायरीवर बसली होती. शेजारी उलट्या बादलीवर एक बाई. या सावंतबाई, भाऊंच्या विरोधात उभ्या होत्या. बोलणं इतकं सावकाश की माझ्या कुठल्याही कार्यक्रमात मी त्यांना आभारप्रदर्शनसुद्धा दिलं नसतं. पण त्या बोलतच नव्हत्या. ताई बोलत होती, त्या ऐकत होत्या. मग उठून थेट गच्चीपर्यंत चढल्या, टाकी पाहिली, पाइप हाताने चाचपत खाली आल्या. म्हणाल्या, दोष वर नाही, फुटपाथखाली असावा. दोन-तीन महिने तरी जातील.

दाजींना राहवलं नाही. "एवढ्या मऊ बोलण्याने हापिसातले लोक हलतील?"

"ओरडते मीसुद्धा," बाई म्हणाल्या. "पण कशावर ओरडायचं, ते आधी बघायला नको?"

त्या संध्याकाळी शेजारच्या चाळीतून पाच हंडे मी वाहिले. ताई वरून मोजत होती. तिसऱ्या हंड्यानंतर मला माझ्या गुडघ्यांची पहिल्यांदा ओळख झाली.

मी मतदानापर्यंत थांबलो. त्या दिवशी दोघं बोटाला शाई लावून आली. दाजींना विचारलं, तर म्हणाले, "ते सांगायचं नसतं, मेहुण्या." भाऊंचं फडकं मात्र खिडकीतून उतरलं होतं आणि आता त्याने दाजी पिंप पुसत होते.

परतीच्या एसटीत मी त्या टाळीचाच विचार करत होतो. भाऊंनी दिलं काय, तर मजा. ती मी खरोखर घेतली, नाकारत नाही. पण मजा द्यायला मी आहे की! लग्नाला बोलवा, बारशाला बोलवा. मत मात्र ज्याला आपलं बोलणं ऐकू येतं त्याला द्यावं. स्वतःच्याच आवाजाने ज्याचे कान भरलेत, त्याच्यापुढे दाजींचा हात अर्धाच राहणार.

बाई थोडक्या मतांनी निवडून आल्या. काल ताईचा फोन आला. पाणी अजून आलेलं नाही, पण फुटपाथ खणलाय. काम दोन दिवस बंद पडलं, तेव्हा बाई खड्ड्याच्या काठावर उभ्या राहून मुकादमाला अशा काही बोलल्या की तिसऱ्या मजल्यावर शब्द न् शब्द पोचला.

मागून दाजींचा आवाज आला, "बाईंचो आवाज बरो आसा हां. माइक लागणा नाय."